आजीच्या हातावरची तुळस : पहिल्या टॅटूच्या निर्णयाचं एक प्रकरण

निफाड तालुक्यातली २२ वर्षांची मुलगी. घरी द्राक्षबाग. ती स्वतः नाशिकला सिडकोत मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते, पहाटे मैदानावर धावते आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीची तयारी करते. आजीच्या उजव्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मधे, जुन्या पद्धतीचं गोंदण आहे : ठिपक्यांची तुळस, खाली वृंदावन, बाजूला चंद्रकोर. आजी थकत चालली तसं ते गोंदण आपल्या हातावर असावं असं नातीला वाटू लागलं. तेच चित्र, तोच हात, तेवढाच आकार.

मैत्रिणी म्हणाल्या, कॉलेज रोडला जाऊ, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. आईचं म्हणणं, आधी नोकरी, मग काय करायचं ते कर. गावातल्या कुणीतरी चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेत गोंदणारे बसतात, तिथेच काढ, आजीसारखंच येईल, असंही सुचवलं. आजीची हरकत नव्हती.

पहिला टॅटू काढणारे बहुतेक जण स्टुडिओ ठरवण्यापासून सुरुवात करतात, मग डिझाइन, मग जागा. त्वचा आणि नोकरी यांचा विचार टॅटू झाल्यावर होतो. क्रम नेमका उलटा हवा. जे प्रश्न टॅटूचं दार कायमचं बंद करू शकतात ते सगळ्यात आधी, आणि ज्यांची उत्तरं बदलता येतात ते नंतर. या मुलीच्या बाबतीत तो क्रम पाळला गेला, आणि त्यामुळे मूळ कल्पनेतल्या तीन गोष्टींपैकी हात आणि आकार या दोन बदलाव्या लागल्या, आणि चित्रही थोडं साधं करावं लागलं.

डावा हात

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीतल्या वैद्यकीय निकषांमध्ये टॅटूबद्दल तीन अटी असतात. मजकुराची अट : धार्मिक चिन्ह, देवतेची आकृती किंवा नाव चालतं. जागेची अट : कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू किंवा हाताच्या पंज्याची मागची बाजू, आणि तीही फक्त डाव्या हाताची, कारण उजवा हात सॅल्यूटचा. आकाराची अट : त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी. सैन्यदलाच्या नियमात डाव्या-उजव्याचा असा भेद नाही, आणि घोटाळा इथेच होतो. अग्निवीर भरतीची माहिती वाचून मुलं उजव्या हातावर टॅटू काढतात आणि पुढच्या वर्षी अर्ज केंद्रीय दलांचा भरतात. दोन्हीकडे प्रयत्न करायचा असेल तर दोन्हींतली जी अट जास्त कडक ती धरून चालायचं. ज्या वर्षी अर्ज भरणार त्या वर्षीच्या जाहिरातीतला वैद्यकीय भाग स्वतः वाचायचा. अकॅडमीतल्या ऐकीव माहितीवर हात गोंदवून घ्यायचा नाही.

आजीचा हात उजवा. इथे मुलगी अडून बसली, आणि ते समजण्यासारखं होतं, कारण आजीचं गोंदण जिथे आहे तिथेच ते असण्यात तिच्या दृष्टीने सगळा अर्थ होता. पण दुसरी बाजूही तिच्यासमोर स्पष्ट ठेवावी लागली. उजव्या हातावरच्या टॅटूमुळे वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलं तर लेझरने काढून फेरतपासणीला जाऊ, अशी अनेकांची समजूत असते. लेझरच्या दोन बैठकांमध्ये साधारण ६ ते ८ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, आणि व्यावसायिक काळ्या शाईच्या टॅटूलाही बहुधा ६ ते १० बैठका लागतात. फेरतपासणीपर्यंतच्या वेळात हे होत नाही. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझरनंतर पांढुरका डाग राहण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त. म्हणून आपल्याकडे १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर वापरतात. तो शाई फोडतो आणि वरच्या थरातल्या रंगद्रव्याला त्यामानाने कमी धक्का लावतो. तरीही ‘काढता येईल’ या भरवशावर काढलेला टॅटू हा वाईटच निर्णय.

तिने दोन दिवस घेतले आणि डावा हात मान्य केला.

आकाराचा हिशेब सोपा होता. तिचं कोपर ते मनगट अंतर २४ सेंमी. एक चतुर्थांश क्षेत्रफळाचा मोजायचा की लांबीचा, यावर वाद घालत बसण्यापेक्षा लांबीचाच धरला, कारण तो जास्त सुरक्षित : ६ सेंमीच्या आत. ठरलं ५ सेंमी. आजीचं गोंदण ९ सेंमी उंच आहे.

मजकुराच्या अटीचा एक उपयोग नंतर झाला. डिझाइन लहान करताना खालचं वृंदावन गाळून नुसते ठिपके ठेवावेत असा विचार पुढे आला होता. पण नुसत्या ठिपक्यांना धार्मिक चिन्ह म्हणून ओळखणार कोण? वृंदावन असलं की तुळस लगेच कळते. ते ठेवलं, चंद्रकोर गाळली.

कानामागची गाठ

तिच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला, दुसऱ्या टोचणीच्या भोकामागे, एक छोटी टणक गाठ होती. तिने ती कधी मनावर घेतली नव्हती. टॅटूच्या निर्णयात मात्र अशी गाठ बाकी सगळ्यापेक्षा मोठी असते, कारण ती केलॉइड असू शकते. काही लोकांच्या त्वचेत जखम भरताना व्रणाची वाढ थांबत नाही. तो व्रण मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो, खाजतो, दुखतो, आणि नुसता कापून काढला तर बहुतेक वेळा पुन्हा, कधी पहिल्यापेक्षा मोठा येतो. टॅटू म्हणजे सुईने केलेल्या शेकडो बारीक जखमा. ज्याला केलॉइड होतात त्याच्या हातावर तुळशीच्या प्रत्येक ठिपक्याची गाठ होऊ शकते. छाती, खांदे, कान आणि जबडा या जागा जास्त धोक्याच्या. हाताची आतली बाजू कमी धोक्याची, पण ती हमी नव्हे.

ती गंगापूर रोडवरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. डॉक्टरांनी पाच गोष्टी पाहिल्या. गाठ भोकाच्या हद्दीतच आहे की बाहेर पसरली? हद्दीतच होती. कधी आली? टोचल्यावर महिन्याभरात. केलॉइड बरेचदा तीन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा डोकं वर काढतो. वाढतेय का? उलट दोन वर्षांत कमी झाली होती. अंगावरचे बाकीचे व्रण कसे आहेत? लहानपणी पडून कोपराला झालेला व्रण सपाट आणि फिकट. आई-वडील, काका, मावशी यांच्यात कुणाला तसे व्रण नव्हते. निष्कर्ष : हा साधा उंचावलेला व्रण, केलॉइड नव्हे. लहान आकाराला, हाताच्या आतल्या बाजूला, हरकत नाही.

हे उत्तर उलटं आलं असतं तर प्रकरण इथेच संपलं असतं. डावा हात, पाच सेंमी, चांगला स्टुडिओ यातल्या कशानेही ते वाचलं नसतं. म्हणूनच ही भेट आगाऊ रक्कम भरण्याच्या आधी व्हायला हवी.

त्याच भेटीत डॉक्टरांनी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह, सोरायसिस, कोड, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण, सगळं विचारलं. सोरायसिस किंवा कोड असेल तर सुईच्या जखमेवरच नवा चट्टा उठू शकतो. तिला यातलं काही नव्हतं. पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून ७ सेंमीवर, एक तीळ होता. तिळावर शाई जाता कामा नये, कारण पुढे तो बदलू लागला तर शाईखाली दिसणार नाही. चित्राची कड तिळापासून दीड सेंमी दूर ठेवायचं ठरलं.

यात्रेतलं यंत्र आणि लस

यात्रेत काढण्याच्या सल्ल्यामागची भावना चुकीची नव्हती. आजीलाही गोंदणारणीनेच गोंदलं होतं. तरी ठाम नकार द्यावा लागला. यात्रेत दिवसभर एकच यंत्र चालतं. एकाच वाटीतली शाई, पुसायला एकच फडकं, आणि सुई बदललीच तर ‘बोथट झाली’ म्हणून. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस जगतो. हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा मार्गही रक्ताचाच. नाशिकला २०२७ चा सिंहस्थ आहे. त्या गर्दीत हौसेने हात पुढे करणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

यातून लसीचा मुद्दा निघाला. हेपॅटायटिस बी ची लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर २०११-१२ च्या सुमारास पोचली. तिचा जन्म त्याआधीचा, आणि घरात लसीकरणाचं कार्ड सापडेना. डॉक्टरांनी तीन डोस सुचवले : पहिला लगेच, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. पहिला जूनमध्ये घेतला, म्हणजे तिसरा डिसेंबरमध्ये. पुढे दलात गेली तरी ही लस उपयोगाचीच.

सहा महिने थांबायचं म्हटल्यावर ती हिरमुसली. पण तसाही तो काळ टॅटूला वाईटच होता. जून ते सप्टेंबर ओले कपडे आणि दमट हवा. ऑक्टोबर छाटणीला ती बागेत मदतीला जाते, आणि छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग होतं, म्हणजे काड्यांना ते रसायन लावतात. ते धड त्वचेलाही भाजतं, ताज्या टॅटूवर पडलं तर विचारायलाच नको. नोव्हेंबरमध्ये थिनिंग (घडांची विरळणी) आणि जीएचं डिपिंग (जिबरेलिक ॲसिड या संजीवकात घड बुडवणं). डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून काढणी सुरू होईपर्यंत तिला तीन-चार मोकळे आठवडे होते. निफाडच्या थंडीत पूर्ण बाह्यांचे कपडे असतातच, त्यामुळे ऊनही लागत नाही. थंडीत कातडी कोरडी पडते, तेवढं सांभाळायचं.

९ सेंमीची तुळस ५ सेंमीमध्ये

मधल्या महिन्यांत खरं काम डिझाइनवर झालं, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे.

पहिला प्रयत्न सरळ होता : आजीच्या हाताचा फोटो, तोच लहान करून छापायचा. पण आजीच्या हातावरचे ठिपके आज जसे दिसतात तसे ते काढले गेले नव्हते. त्वचेतली शाई पेशी धरून ठेवतात. त्या मरतात तेव्हा शाई सुटते आणि शेजारच्या नव्या पेशी ती पुन्हा उचलतात. या देवाणघेवाणीत वर्षानुवर्षं रेषा जाड होत जाते. आजीचे आजचे तीन मिलिमीटरचे ठिपके तरुणपणी त्याच्या निम्मे असतील. आजचा फोटो नमुना धरला तर पन्नास वर्षांचं पसरणं पहिल्याच दिवशी हातावर येतं, आणि पुढचं पसरणं त्यावर.

दुसरी अडचण अंतराची. आजीच्या गोंदणात दोन ठिपक्यांमध्ये सुमारे २ मिमी मोकळी जागा आहे. ९ चे ५ केले की ती १.१ मिमी होते. एवढ्या फटीत दोन ठिपके काही वर्षांत एकमेकांना भिडतात आणि तुळशीच्या जागी काळपट पट्टा उरतो. या आकाराला ठिपक्यांत किमान अडीच-तीन मिमी मोकळी त्वचा हवी. म्हणजे चित्र लहान करायचं तर ठिपके कमी करायलाच हवेत. आजीच्या तुळशीत २१ ठिपके आहेत, नातीच्या तुळशीत ११ बसले. कोणते दहा गाळायचे हे आजीला शेजारी बसवून ठरलं. आजीने मधली उभी ओळ हलू दिली नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती तुळशीची मंजिरी होती, आणि कडेचे ठिपके गोंदणारीण ‘हात चालेल तसे’ टाकत असे. फोटोवरून हे कधीच कळलं नसतं.

रंगाचा प्रश्न लवकर सुटला. हिरवी पानं घालावीत असं एका मैत्रिणीचं मत होतं. काळी कार्बनची शाई सगळ्यात टिकाऊ, तिची ॲलर्जी रंगीत शाईपेक्षा कमी (लाल रंग त्या बाबतीत सगळ्यात बदनाम), आणि लेझरची वेळ आलीच तर तीच सगळ्यात सहज फुटते. आजीचंही काळंच.

मग चाचणी. साध्या मेंदीच्या बारीक कोनाने ते चित्र ठरलेल्या जागी काढलं, आठवड्याभरात फिकं झाल्यावर पुन्हा. ‘काळी मेंदी’ मुद्दाम टाळली. तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं, त्याने फोड येतात आणि त्याची ॲलर्जी जन्मभर मागे लागू शकते. पहिल्या मेंदीत चित्र मनगटाच्या घडीपासून जेमतेम दीड सेंमीवर होतं. घड्याळाचा पट्टा नेमका त्यावर बसायचा. दुसऱ्या वेळी ते साडेतीन सेंमी वर घेतलं. तीळ मधोमध नव्हे, करंगळीच्या बाजूला होता, म्हणून चित्र अंगठ्याच्या बाजूला सरकवून दीड सेंमीचं अंतर राखता आलं. मेंदीचा याहून मोठा उपयोग म्हणजे आईला ते हातावर दिसलं. तिचा विरोध टॅटूला कमी आणि ‘काहीतरी भलतंच’ काढून येईल या भीतीला जास्त होता. तुळस पाहिल्यावर तिने फक्त तिसरा डोस झाल्याशिवाय जायचं नाही एवढी अट घातली.

तीन स्टुडिओ

कॉलेज रोड, इंदिरानगर आणि नाशिक रोड अशा तीन ठिकाणी ती नुसती बघायला गेली. पहिल्या ठिकाणी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करणारं यंत्र) मोठ्या अभिमानाने दाखवला गेला. १२१ अंश, १५ पाउंड दाब, किमान १५ मिनिटं, हे प्रमाण बरोबरच होतं. पण पाकिटावरची रंग बदललेली पट्टी फक्त पाकीट तापल्याचं सांगते, आतलं सामान निर्जंतुक झाल्याचं नाही. त्यासाठी ठराविक काळाने जिवाणू-बीजांची चाचणी करतात, आणि तिची नोंद तिथे नव्हती. एकदाच वापरायच्या सीलबंद कार्ट्रिज (सुई आत बसवलेल्या तयार नळ्या) असतील तर ऑटोक्लेव्हचा प्रश्न बराच मागे पडतो. मग पाहायचं ते पाकिटावरचा लॉट नंबर, मुदत, आणि कार्ट्रिजच्या आतला रबरी पडदा. तो नसेल तर रक्तमिश्रित शाई उलटी यंत्रात शिरते.

दुसऱ्या ठिकाणी ‘सुई माझ्यासमोर फोडाल ना?’ या प्रश्नावर कपाळाला आठ्या पडल्या. ती तिथून उठली, ते योग्यच केलं.

तिसऱ्या ठिकाणी सुया टाकायचा पांढरा, सुईने न भोसकला जाणारा डबा होता, यंत्र आणि वायरवर प्लॅस्टिकचं आवरण, शाई प्रत्येकासाठी नव्या टोपणात. शाई पातळ करायला काय वापरता, या प्रश्नाला ‘सीलबंद निर्जंतुक पाणी’ असं उत्तर मिळालं. हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. राखाडी छटेसाठी नळाचं पाणी मिसळलं तर त्यातले क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले जिवाणू त्वचेत जातात, दोन-तीन आठवड्यांनी पुरळासारख्या गाठी येतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. तिथे तिने फोटोही ताज्या कामाचे नव्हे तर वर्ष उलटलेल्या कामाचे, सावळ्या त्वचेवरचे मागितले. ताजा टॅटू सगळ्यांचाच रेखीव दिसतो.

दराबद्दल एकच : ‘इंचाला इतके’ म्हणजे चौरस इंचाला की उंचीच्या इंचाला, हे आधी विचारून घ्यावं. ५ बाय ४ सेंमी म्हणजे उंचीने २ इंच, पण क्षेत्रफळाने ३ चौरस इंचांच्या वर. एवढ्या लहान कामाला बहुतेक ठिकाणी किमान शुल्कच लागू होतं.

काम आणि त्यानंतर

ती पोटभर जेवून गेली. उपाशी पोटी चक्कर येऊ शकते. बधिर करणारं मलम नाकारलं, कारण अर्ध्या तासाच्या कामाला त्याची गरज नसते आणि त्याने कातडी कधी रबरासारखी होते. स्टेन्सिल (कातडीवर उमटवायचा चित्राचा ठसा) पहिल्यांदा टेबलावर हात पसरून लावला आणि उभं राहिल्यावर तुळस तिरकी दिसली. हाताच्या आतल्या बाजूची कातडी पंजा फिरला की पिळवटते. पुसून, हात सैल सोडून उभं असताना पुन्हा लावला, १५ मिनिटं सुकू दिला. ठिपके पाच सुयांच्या गोल जुडग्याने, वृंदावनाच्या रेषा सातच्या. शाई जायला हवी ती वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिमी खोल. कमी गेली तर खपलीबरोबर निघून जाते, जास्त गेली तर कडेने निळसर धूर पसरतो आणि तो परत आत घेता येत नाही. कातडी पातळ असलेल्या जागी कारागीर मुद्दाम हलका हात ठेवतो, त्यामुळे एखादा ठिपका फिका राहणं हे बिघडलेलं काम नव्हे.

घरी आजीने हळद पुढे केली. ती लावली नाही, खोबरेलही नाही. दिवसातून दोनदा बिनवासाच्या साबणाने धुणं, कागदी रुमालाने टिपणं, मलमाचा अगदी पातळ थर. जाड थराखाली जखम ओली राहून पुवाळते. पाच दिवस धावणं बंद, तीन आठवडे विहिरीत पोहणं किंवा रामकुंडावर बुडी नाही, बागेतली फवारणी नाही. चौथ्या दिवसापासून खपली सुटू लागली. ती नखाने काढायची नाही, एवढंच पथ्य सगळ्यात अवघड गेलं. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत गेली, पू आला, ताप भरला किंवा हातावर लाल रेघ वर चढली तर स्टुडिओला फोटो पाठवत न बसता थेट डॉक्टरांकडे जायचं, हे तिला लेखी दिलं होतं. तशी वेळ आली नाही.

सहा आठवड्यांनी, जानेवारीच्या अखेरीला, कोपराकडचे दोन ठिपके फिके दिसत होते. ते पुन्हा भरले. शाईच्या बाटलीचा बॅच नंबर आणि मुदत यांचा फोटो तिने दोन्ही वेळा काढून ठेवला. टॅटूनंतर एक वर्ष रक्तदान करता येत नाही आणि दुरुस्तीची सुई लागली की ते वर्ष नव्याने मोजायचं, त्यामुळे फेब्रुवारीतल्या शिबिरात तिने नाव दिलं नाही. पुढच्या फेब्रुवारीतल्या शिबिरात तिला रक्त देता येईल.